खडकवासल्याची भिंत

पुण्यात १२ जुलै १९६१ चा विषय निघाला की वाक्याची सुरुवात ठरलेली असते: पानशेत फुटलं तेव्हा आम्ही अमुक पेठेत राहायचो. पुरालाही नाव मिळालं ते ‘पानशेतचा पूर’. खडकवासला त्या नावात नाही. खरं तर त्या दिवशी एकाच पाण्याच्या वाटेवरची दोन धरणं फुटली आणि पेठांमध्ये जे पाणी चढलं त्यात दोन्हींचा वाटा होता. पानशेतचं बांधकाम तेव्हा पुरं झालेलंही नव्हतं. खडकवासल्याची दगडी भिंत मात्र १८७९ पासून, म्हणजे ब्याऐंशी वर्षं उभी होती आणि पुण्याच्या तीन पिढ्या तिच्यामागचं पाणी पीत होत्या. नवं धरण का फुटलं यावर आयोग बसले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, राजकारण तापलं. जुनं का फुटलं, या प्रश्नाला ‘वरून एवढा लोंढा आल्यावर दुसरं काय होणार’ एवढं उत्तर पुरलं. उत्तर चूक नाही. पण ही भिंत किती पाणी पेलेल याचा हिशेब कुणी आणि कशाच्या भरवशावर केला होता, हे शोधू लागलं की १८६० च्या दशकापर्यंत मागे जावं लागतं, आणि वाटेत मुंबई, ग्लासगो आणि फ्रान्सही लागतं.

धरणाचा आराखडा कर्नल जे. जी. फाइफ यांचा. रॉयल इंजिनिअर्समधला हा अधिकारी मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांच्या कामावर होता. पुण्याच्या पूर्वेला हवेली, तेव्हाचा भीमथडी आणि इंदापूर हा पट्टा पावसाच्या छायेतला, दर काही वर्षांनी दुष्काळाला बळी पडणारा. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत मात्र मुठा पावसाळाभर दुथडी भरून वाहून जायची. ते पाणी अडवून कालव्याने पूर्वेला न्यायचं, आणि जाता जाता पुणे-खडकीच्या लष्करी छावण्यांना व शहराला प्यायला द्यायचं, अशी ही योजना होती. त्यातून खडकवासल्याची भिंत आणि तिच्या दोन अंगांचे मुठा कालवे उभे राहिले. तलावाला नाव पडलं ‘लेक फाइफ’. हे नाव जुन्या नकाशांत आणि शासकीय कागदांत बराच काळ टिकलं. गावकऱ्यांच्या तोंडी ते कधी बसलं असेल असं मला वाटत नाही.

मातीची धरणं, तळी, बंधारे आपल्याकडे शेकडो वर्षं बांधली जात होती. चुन्यात दगड बसवून इतकी उंच, इतकी लांब भिंत उभी करायची आणि अख्ख्या नदीचा भार निव्वळ तिच्या वजनावर तोलून धरायचा, हे मात्र नवं होतं. इथलं कशाला, युरोपातही ते शास्त्र नुकतं चालायला शिकत होतं. द साझिली या फ्रेंच इंजिनिअरने १८५३ मध्ये दगडी धरणातल्या दाबांचा पहिला नीट हिशेब मांडला. त्या विचाराच्या आधारे फ्रान्समधलं फ्युरां नदीवरचं धरण १८६६ मध्ये पुरं झालं. म्हणजे खडकवासल्याची आखणी चालू होती तेव्हा जगात हिशेब करून बांधलेली दगडी धरणं बोटांवर मोजण्याइतकी होती.

पुढचा टप्पा तर थेट आपल्या दारातून गेला. मुंबई महापालिकेचे कार्यकारी अभियंता कॅप्टन टुलोक यांना शहरासाठी दगडी धरण बांधायचं होतं. त्यांनी ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांचा सल्ला मागितला. रँकिन यांनी १८७२ मध्ये दिलेल्या अहवालात जो नियम सांगितला तो पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. भिंतीच्या पायाच्या रुंदीचे तीन सारखे भाग करा. पाण्याचा आडवा रेटा आणि भिंतीचं उभं वजन यांची मिळून जी एक तिरपी रेषा होते, ती मधल्या भागातूनच पायात उतरली पाहिजे. ती पुढच्या भागात सरकली तर पाण्याच्या बाजूला भिंत वर उचलली जाऊ पाहते. चुन्याचं बांधकाम दाब सोसतं, ताण सोसत नाही. मग बारीक फट पडते, फटीत पाणी शिरतं, आणि आतून तेच पाणी भिंत उचलायला लागतं. मुंबईच्या नळांसाठी विचारलेल्या प्रश्नातून धरणशास्त्राचा हा मूळ नियम निघाला, याचा अभिमान मुंबईकरांनी बाळगल्याचं कधी ऐकलं नाही.

रँकिन यांचा अहवाल आला तेव्हा खडकवासल्याचं काम चालू होतं. भिंतीचा छेद आधीच ठरलेला होता. तलाव भरू लागल्यावर ती पुरेशी भक्कम नाही अशी शंका आली आणि खालच्या अंगाला मातीचा भराव घालून तिला मागून टेकू देण्यात आला. वेगमन या अमेरिकन इंजिनिअरचा दगडी धरणांवरचा ग्रंथ त्या काळी जगभर वापरात होता. त्यात या भरावाची नोंद आहे आणि भिंतीच्या छेदाविषयी फारसं चांगलं मत नाही. फाइफ यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे शिकण्यासारखी उदाहरणंच नव्हती, आणि शंका आल्यावर त्यांच्या खात्याने ती कागदात दाबून न ठेवता भिंतीला आधार दिला, हे मला जास्त मोलाचं वाटतं. पण जन्मतःच टेकू लागलेली ही भिंत आहे, हे पुढच्या कुठल्याही हिशेबात विसरून चालणार नव्हतं.

फटीत शिरलेलं पाणी भिंत वर उचलतं, ही गोष्ट किती गंभीर आहे हे जगाला कळायला २७ एप्रिल १८९५ उजाडावं लागलं. त्या दिवशी फ्रान्समधलं बुझे धरण फुटलं आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. मग फ्रेंच इंजिनिअर मॉरिस लेव्ही यांनी या उचलणाऱ्या दाबाचा नियम मांडला. आपल्याकडे ग्वाल्हेरजवळचं तिगरा धरण १९१७ मध्ये नवंकोरं असतानाच गेलं. तिथेही पायाच्या वालुकाश्मात शिरलेल्या पाण्याने घात केला. खडकवासल्याचा पाया कठीण दगडावर होता. या एका बाबतीत सह्याद्रीने फाइफ यांना साथ दिली होती.

१९०३ मध्ये भिंतीच्या इतिहासातली दुसरी मोठी गोष्ट घडली, आणि ती सगळे कौतुकाने सांगतात. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातले, पुण्याच्याच कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. त्याआधी दर पावसाळ्यात सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचं पाणी वाहून जात असे. ते पाणी अडवायचं तर भिंत वाढवावी लागली असती, आणि या भिंतीवर आणखी भिंत चढवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. विश्वेश्वरय्यांच्या दरवाजांमुळे तलावात सुमारे आठ फूट जास्त पाणी साठू लागलं. पातळी त्याच्या वर गेली की पाणी बाजूच्या विहिरींत उतरे, तिथली वजनं हलत आणि दरवाजे माणसाचा हात न लागता उघडत. पातळी उतरली की आपोआप मिटत. त्यांनी या रचनेचं पेटंट घेतलं.

रचना खरोखर देखणी होती. पूर आला की दरवाजे उघडत, म्हणून पुराची कमाल पातळी होती तिथेच राहिली. बदल झाला तो दुसरीकडे. जो रेटा भिंतीला वर्षातून काही तास, फार तर काही दिवस सोसावा लागे, तो आता महिनोन्‌महिने सोसावा लागू लागला. पूर येईल तेव्हासाठी म्हणून जी जागा मोकळी असायची, ती शहराच्या आणि उसाच्या तहानेने व्यापली. भिंतीने कुरकूर केली नाही आणि पुढची जवळपास साठ वर्षं हे ठीक चाललं. गैरसमज नको: १९६१ चं खापर विश्वेश्वरय्यांवर फोडता येत नाही, तसा प्रयत्नही कुणी केलेला नाही. पण भिंत तीच, पाणी जास्त, ही सवय इथून लागली. पूर आला तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते, वयाच्या शंभरीच्या आसपास. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले.

दरवाजे बसल्यानंतरच्या काळात धरणाच्या पायथ्याशी एक वेगळंच बिऱ्हाड आलं. मुंबई सरकारने १९१६ मध्ये पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठी जो कक्ष सुरू केला, तो पुढे खडकवासल्याला स्थिरावला. प्रयोगांना लागणारं पाणी तलावातून आपल्या वजनाने खाली येतं, पंप लागत नाही, हा फायदा होता. आजचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ते हेच. देशभरातल्या धरणांच्या, बंदरांच्या, नद्यांच्या छोट्या प्रतिकृती इथल्या शेडमध्ये वाहतात. धरणाला काय सोसेल हे तपासणारी माणसं एका धरणाच्या उताराला बसून ते तपासत होती.

मग १९५७ मध्ये आंबी नदीवर पानशेतचं काम सुरू झालं. आंबी, मोसे आणि मुठा या तिन्ही नद्यांचं पाणी शेवटी खडकवासल्याच्या तलावात येतं. पानशेतची ठरलेली साठवण २१ कोटी ४० लाख घनमीटर, म्हणजे खडकवासल्याच्या कितीतरी पट. या सगळ्या कथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते, आणि ती सर्वांत कमी बोलली जाते. मोठं धरण वर आणि लहान खाली. फाइफ यांनी भिंत नदीसाठी बांधली होती. नदीचा पूर वाढत वाढत येतो, ओसरत ओसरत जातो, आणि त्यालाही पाणलोटाच्या आकाराने घातलेली हद्द असते. वरचं धरण फुटलं तर जे येतं त्याला अशी हद्द नसते. महिनाभराचं पाणी एका सकाळी येतं. जुन्या भिंतीच्या डोक्यावर नवं धरण बांधलं की जुन्या भिंतीचा हिशेब पहिल्या ओळीपासून नव्याने करायचा असतो.

पानशेत मातीचं होतं, मधोमध पाणी न झिरपणारा गाभा आणि दोन्ही अंगांना भराव. उंची ५१ मीटर. १९६१ च्या पावसाळ्याआधी घळभरणी झाली, म्हणजे नदीची वाट बंद झाली. डाव्या बाजूच्या चरातून काढलेली मोरी मात्र अपुरी होती, तिचे दरवाजे उचलणारी यंत्रणा पूर्ण बसलेली नव्हती. १८ जून ते १२ जुलै या पंचवीस दिवसांत १७७८ मिलिमीटर पाऊस पडला. सुरुवातीला पाणी दिवसाला नऊ मीटरने चढत होतं. कोवळ्या भरावाला इतक्या झपाट्याने भार सवयीचा होत नाही. मोरीच्या खडबडीत अंगावरून पाणी धक्के देत वाहत राहिलं, आणि मोरीच्या वरचा भराव बसू लागला. धरणाला आडव्या चिरा गेल्या. अडीच तासांत माथा १.४ मीटर खचला आणि पाण्यापासून जेमतेम ०.६ मीटर वर उरला. सैन्याच्या जवानांनी ११ जुलैची रात्र त्या माथ्यावर वाळूची पोती रचण्यात काढली. सकाळी सातच्या सुमारास धरण गेलं. चौकशांतून पुढे जो निष्कर्ष रूढ झाला तो असा: सांडवा कमी पडला नाही, पायाही दगावला नाही, संकटात पाणी सोडायची वाट अपुरी होती.

खडकवासला त्या सकाळी आधीच काठोकाठ होता. दरवाजे जवळजवळ पूर्ण क्षमतेने पाणी सोडत होते. ती क्षमता होती सेकंदाला २,७७५ घनमीटर, आजच्या बातम्यांच्या भाषेत सुमारे ९८ हजार क्युसेक. नदीच्या पुराला ती भरपूर होती. पानशेतचा लोंढा आला आणि पाणी दरवाजांची वाट सोडून भिंतीच्या माथ्यावर चढलं. जवळपास दीड किलोमीटर लांबीच्या भिंतीवरून २.७ मीटर उंचीचं पाणी वाहू लागलं. भिंत थरथरत होती, अशी नोंद आहे.

पाण्याची उंची दुप्पट झाली तर भिंतीवरचा रेटा चौपट होतो आणि तिला उलथवू पाहणारी ताकद आठपट. नदीच्या तळापासून भिंत ३१.२५ मीटर. तलाव भरला असताना पाण्यावर २.७४ मीटर माथा कोरडा राहायचा. आता माथ्याच्याही वर २.७ मीटर पाणी. ढोबळ हिशेबाने उलथवणारी ताकद नेहमीच्या भरल्या तलावाच्या दीडपटीहून जास्त होते. माथ्यावरून कोसळणारं पाणी पायथा उकरतं ते वेगळंच. चुन्यात बांधलेली, ज्या काळात रँकिनच्या नियमाची शाईही ओली होती त्या काळची, कधीकाळी मागून टेकू लागलेली ही भिंत असं पाणी डोक्यावर घेऊन चार तासांच्या आसपास उभी राहिली आणि मग फुटली.

ते चार तास कुणी फारसे मोजत नाही. मी मोजतो. नदीकाठच्या पेठांमध्ये सकाळपासून पाणी चढू लागलं होतं. शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार इथले लोक पोरंबाळं घेऊन उंच भागांकडे, पर्वतीकडे निघाले ते या वेळात. भिंत पहिल्या धडकेलाच गेली असती तर दोन्ही धरणांचं पाणी एका लाटेत शहरावर आलं असतं. भिंत फुटली हे खरं आहे आणि भिंतीने वेळ दिला हेही खरं आहे. त्यातलं दुसरं कुठल्या स्मारकावर कोरलेलं मला तरी दिसलेलं नाही.

मराठीत दोन्हींसाठी एकच क्रियापद: धरण फुटलं. पानशेत आतून खचलं, खडकवासल्याच्या डोक्यावरून पाणी गेलं. इंग्रजी अहवालांत पहिल्याला ‘सेटलमेंट’, दुसऱ्याला ‘ओव्हरटॉपिंग’ म्हणतात, आणि दोन्ही भिंती शेवटी ‘गेव्ह वे’ होतात. लोकांच्या दृष्टीने फरक शून्य, कारण पाणी घरात शिरतं तेव्हा ते कुठल्या कारणाने आलं हे विचारत बसायची सोय नसते. इंजिनिअरला मात्र हा फरक कळला नाही तर तो पुढचं धरण चुकीच्या ठिकाणी मजबूत करतो. पानशेतचा धडा होता की घळभरणीआधी पाणी सोडायची वाट तयार हवी. खडकवासल्याचा धडा होता की धरण एकटं नसतं.

पूर ओसरल्यावर पुण्यात टंचाई झाली ती पाण्याची. तलावच रिता झाल्याने कालवा कोरडा आणि नळ कोरडे. नळ आल्यापासून दुर्लक्षित पडलेल्या वाड्यांच्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आल्या. पुनर्वसनाची धुरा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी स. गो. बर्वे यांच्याकडे दिली. अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या, मग पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, आणि पेठांपुरतं असलेलं शहर गोखलेनगर, सहकारनगर असं चहूकडे पसरलं. चौकशीसाठी नेमलेले न्यायमूर्ती बावडेकर काम पुरं होण्याआधीच वारले. न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने ते पुढे नेलं. दोन्ही वेळा चौकशीचा रोख पानशेतवर होता, आणि ते स्वाभाविकच म्हणायचं.

खडकवासल्याची भिंत नव्याने बांधून काढली गेली. पानशेतही पुन्हा बांधलं. मधल्या काळात राज्याच्या इतर भिंतींची परीक्षा झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेच्या काँक्रीटला आडव्या भेगा गेल्या. १९६९ मध्ये ब्रिटिश काळात बांधलेल्या भंडारदऱ्याच्या भिंतीला तडे जाऊन गळती सुरू झाली. दोन्ही ठिकाणी उपाय जवळपास तोच: मागच्या अंगाला टेकू. फाइफ यांच्या खात्याने मातीचा दिला होता, इथे काँक्रीटचा दिला गेला.

वंशावळ तिथे थांबत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. ते मातीचं, लहान, वर दुसरं कुठलं धरण नसलेलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. २०२१ मध्ये संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. त्यात धरण निकामी होण्याची व्याख्या आहे आणि ती खडकवासल्याच्या संदर्भात वाचण्यासारखी आहे. भिंत तुटणं एवढाच त्या व्याख्येचा आवाका नाही. नियमपुस्तिकेला सोडून धरण चालवलं, त्यातून पाणी अनियंत्रित सुटलं आणि खाली पूर येऊन नुकसान झालं, तर भिंत जागच्या जागी असली तरी कायद्याच्या लेखी ते धरण निकामी झालेलंच असतं.

आज खडकवासल्याच्या वर पानशेतबरोबर वरसगाव आणि टेमघर आहेत. या तिघांत मिळून २७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी मावतं, खडकवासल्यात दोन टीएमसीलाही थोडं कमी. म्हणजे १९६१ मध्ये जे व्यस्त प्रमाण होतं ते आता आणखी व्यस्त आहे. पावसाळ्यात या भिंतीचं मुख्य काम साठवण्याचं राहिलेलं नाही. वरून येईल ते किती वाजता, किती क्युसेकने खाली द्यायचं, हे ठरवण्याचं आहे. धरणाकाठच्या चौपाटीवर कणीस आणि भजी खाणाऱ्या गर्दीला दरवाजे उघडण्यात मौज वाटते. शहरात नदीपात्रातल्या भिडे पुलावरून जाणाऱ्याला रस्ता बदलावा लागतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले पाण्याखाली गेले तेव्हा वाद भिंतीच्या बळकटीवर नव्हता. विसर्ग वाढवताना खालच्या लोकांना वेळेवर कळवलं का, आणि नदीच्या पूररेषेत घरं आली कशी, यावर होता. जलसंपदा खातं एक सांगत होतं, महापालिका दुसरं, आणि रहिवासी आपापल्या मोबाइलवर संदेश किती वाजता आला ते दाखवत होते.